शेवटचा हात दोघांचा

थोरलीचा एक नियम होता: मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. हॉस्पिटलच्या औषधभांडारात तिनं तीस वर्षं काढली होती. बाटल्या, गोळ्या, सुया, सगळं मोजून घ्यायचं आणि मोजून द्यायचं. निवृत्त झाली तरी खोड गेली नाही. डब्यात बिस्किटं किती उरलीत हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नवरा म्हणायचा, "माझ्या डोक्यावरचे केस तेवढे मोजू नकोस बाई, उरलेसुरले पण लाजून जातील."

म्हणजे पूर्वी म्हणायचा. गेले दोन महिने थोरला काहीच म्हणत नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ गेला. दोघंही लाकडाला पॉलिश करणारे. धंदा वडिलांचा, आणि वडिलांनीच दोघांना हाताखाली घेऊन शिकवलेला. त्या धंद्यात थराला थर म्हणत नाहीत, हात म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, वाळू द्यायचं, मग तिसरा. थोरला उजवा आणि धाकटा डावखुरा. वडिलांनी त्यातूनच युक्ती काढली: एक हात थोरल्यानं द्यायचा, पुढचा धाकट्यानं, म्हणजे घासण्याचे गोल एकावर एक उलटसुलट बसतात आणि चमक आतून आल्यासारखी वाटते. शेवटच्या हाताला मात्र दोघांनी दोन टोकांना उभं राहायचं आणि मध्याकडे सरकत यायचं. पॉलिश लावायच्या कापडी पोटल्या जिथं भेटतील तिथं रेघ दिसता कामा नये. "शेवटचा हात दोघांचा," म्हातारा म्हणायचा, आणि हे म्हणताना दोघांच्या टाळक्यात एकेक टपली मारायचा.

पस्तीस वर्षं रेघ दिसली नाही. मग एका जेवणाच्या टेबलावर दिसली. बोटभर रुंदीची, तीही तिरक्या उजेडात बघितली तरच. थोरला म्हणाला तू घाई केलीस, धाकटा म्हणाला दादा तू थांबलास. एका हातानं टाळी वाजत नाही हे दोघांनाही पाठ होतं, पण एका रेघेवरून सख्खे भाऊ तीन वर्षं बोलले नाहीत. वैतागानं थोरलीनं दोघांपुढं हात टेकले. तिला वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटायचं. धाकटा होता गमत्या. कुठलंही अवघड काम आलं की बाही सरसावून म्हणायचा, "त्यात काय, डाव्या हाताचा मळ आहे, वहिनी!" तिला वहिनी म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस होतं, आणि तेही घरी यायचं बंद झालं.

शेवटी त्यानंच फोन केला. भर दुपारी. थोरली समोरच भाजी निवडत होती, म्हणून तिला पलीकडचंही ऐकू आलं.

"दादा, गाडीला घरीच पॉलिश करतोय. सगळी झाली. बॉनेटचा शेवटचा हात राहिलाय. ये की."

"तुला दोन हात आहेत ना? मग कर," थोरला म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी धाकट्याच्या बायकोला तो पुढच्या चाकाला टेकून बसलेला सापडला. पोटली अजून डाव्या हातात होती. हृदय, डॉक्टर म्हणाले, काही कळायच्या आत.

दुसऱ्या दिवसापासून थोरल्याचा उजवा हात थरथरायला लागला. तपासण्या झाल्या, शिरा ठीक, मेंदू ठीक. घास तोंडापर्यंत जाईना, थोरलीच भरवायची. चहा सांडायला लागला तशी थोरली कप अर्धाच भरायला लागली. तो खिडकीपाशी हातावर हात दाबून बसायचा, आणि ती त्याच्याकडे बघून मनातल्या मनात रडायची. तिला दुसरं काही नको होतं. तिला तिचा नवरा परत हवा होता.

अशात धाकट्याच्या बायकोनं त्याची गाडी आणून सोडली. ती मुलीकडे राहायला निघाली होती.

"तुम्हीच ठेवा, ताई," ती म्हणाली. "ते अर्धवट पॉलिश मी तीनदा पुसलं. पुसते तेव्हा जातं. सकाळी बघावं तर परत आलेलं."

"दमली आहेस तू," थोरली म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं.

घराच्या अंगाला पत्र्याची शेड होती. तीन बाजूंनी भिंत आणि पुढं दोन फळ्यांचं दार. तिथं गाडी उभी केली. गाडी काळी. बॉनेटवर एका बाजूनं वाळलेल्या मेणाचा पांढुरका पापुद्रा, आणि तो बरोबर मध्यावर थांबलेला, पट्टी लावून कापावा तसा. थोरलीनं फडकं ओलं केलं.

"पुसू नकोस," मागून आवाज आला. दोन महिन्यांत ते त्याचे पहिले शब्द होते. "त्याचा हात आहे तो."

"मग तुमचा द्या आणि मिटवा एकदाचं!"

"आधी बाकीची गाडी. बॉनेट शेवटी."

त्यानं कापसाची पोटली केली, वर जुन्या मलमलचा तुकडा बांधला, डबा उघडला. पोटली हातात लटलट कापत होती. त्यानं ती गाडीच्या टपावर टेकवली, आणि हात थांबला.

थोरलीनं श्वास रोखून बघितलं. उजवीकडून गोल, पुन्हा गोल, एकसारखा, पूर्वीसारखा. उचलला की कापायचा, टेकवला की थांबायचा. तिला इतका आनंद झाला की ती म्हणाली, "दहा हात द्या! वीस द्या! गाडी झिजली तरी चालेल!" तो किंचित हसलाही.

टप, दारं, डिकी, सगळीकडे पहिला हात झाला. वाळल्यावर त्यानं मऊ फडक्यानं पुसून काढला. थोरलीनं भिंतीवर खडूनं एक रेघ मारली, शेडला कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली, आणि दोघं जेवायला गेली.

परत आली तर गाडीवर दुसरा हात दिलेला होता.

बॉनेट सोडून सगळीकडे. ओला. तिनं बोट लावलं, बोटाला मेण आलं.

"मघाशी तुम्हीच दिलात," ती म्हणाली. "विसरलात."

थोरला खाली वाकून बघत होता. "गोल डावीकडून आहेत," तो म्हणाला. त्यानं फडकं घेतलं आणि दुसरा हात इतक्या हळू पुसला की थोरलीला तिथं उभं राहणं नकोसं झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं नीट बंदोबस्त केला. तिसरा हात झाला, पुसला, भिंतीवर दुसरी रेघ ओढली. मग डबा, पोटली, फडकी, सगळं उचलून स्वयंपाकघरात आणलं आणि डबा वजनकाट्यावर ठेवला. एकशे ब्याऐंशी ग्रॅम. कागदावर लिहून ठेवलं. थोरला तिच्या डोळ्यांसमोर जेवला आणि डोळ्यांसमोर आडवा झाला. तासाभरानं तिनं डबा पुन्हा तोलला. एकशे ब्याऐंशी. मग शेडचं कुलूप काढलं.

चौथा हात दिलेला होता. गोल डावीकडून, छोटे, एकाला एक लागून. काम थोरल्याहून सरस होतं.

तिनं भिंतीवरच्या रेघा पुन्हा मोजल्या. दोनच. मोजल्यावर विश्वास ठेवायचा, हा नियम तिचाच. आता मोजून झालं होतं, आणि तिला भीती वाटत होती. पण त्याच रात्री थोरल्यानं भाकरीचा तुकडा स्वतःच्या हातानं तोडून खाल्ला, दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग तिनं तोंडाला कुलूप लावलं. येतं त्याला येऊ दे, माझं माणूस जेवतंय ना.

तिसऱ्या दिवशी थोरल्यानं पाचवा हात दिला आणि पुसला. सहावा कोण देणार हे दोघांनी बोलून दाखवलं नाही. दार ओढून ती ओट्यावर बसली, भिंतीच्या घड्याळात तास मोजला आणि परत गेली. सहावा दिलेला होता. तोही थोरल्यानं पुसून काढला.

आता गाडी काळी राहिली नव्हती. रंगाला खोली आली होती. गाडीच्या दारात बघितलं की शेड दिसायची, पत्रे दिसायचे, पत्र्यांच्या फटीतला उजेड दिसायचा, पण सगळं जरा लांब, जरा आत.

"इकडे ये," थोरला म्हणाला. त्यानं उजवा पंजा दारावर टेकवला. आतून एक पंजा येऊन त्याला टेकला. "हा माझा नाही."

"अहो, असं काय करता? आरशात उजवा हात डावाच दिसतो. शाळेत शिकवतात हे."

"अंगठा बघ."

धाकट्याचा डावा अंगठा लहानपणी दारात चेंगरला होता. नख कायमचं काळं, मध्ये चिरलेलं. थोरलीनं बघितलं. आतल्या अंगठ्यावर एक काळपट डाग होता.

"मेण राहिलंय तिथं," ती म्हणाली आणि पदरानं पुसलं. डाग तिथंच राहिला.

थोरला मागं सरकला. हात पुन्हा कापायला लागला, आता खांद्यापर्यंत. "मी नाही करत बॉनेट. आण ते फडकं, झाकून टाकू गाडी."

पुन्हा ती खिडकी, पुन्हा तो अर्धा कप. थोरली त्याच्यापुढं आडवी उभी राहिली आणि तिचा बांध फुटला.

"तीन वर्षं त्या रेघेपायी घालवलीत! त्यानं फोन केला तेव्हा हात आखडता घेतलात, आणि आज परत? तुमचा भाऊ आहे तो! इतकं मागतोय तर द्या ना त्याला एक हात!"

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण "मागतोय" म्हणालो.

थोरल्यानं पोटली उचलली.

"चहा टाक," तो म्हणाला. "झालंच म्हणून समज."

ती स्वयंपाकघरात गेली. आधण ठेवलं. खिडकीतून शेडचं दार दिसत होतं, आत काळोखी. पोटलीचा आवाज मात्र स्पष्ट येत होता.

सर्र. सर्र. सर्र.

तिनं साखर घातली. कान देऊन ऐकलं.

सर्र, सर्र. सर्र, सर्र.

आवाज दोन होते. एक पुढं, एक मागं. हळूहळू ते एकमेकांजवळ आले. मग एका तालात लागले. मग एकच झाले.

मग थांबले.

चहा उतू जाता जाता तिनं गॅस बंद केला. कप भरताना तिचा हात अर्ध्यावर थांबला, आणि मग, जे होईल ते होवो म्हणून, तिनं तो काठोकाठ भरला.

थोरला बॉनेटपाशी ताठ उभा होता. बॉनेट पुसून लखलखीत झालं होतं. तिनं खाली वाकून तिरक्या उजेडात बघितलं. मध्यावर रेघ नव्हती.

"झालं?"

त्यानं मान डोलावली, कपबशी घेतली, बशी बॉनेटच्या कडेला ठेवली आणि कप उचलून ओठांना लावला. एक थेंब हलला नाही. थोरलीच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

"अहो, हात बघा तुमचा! थांबला! मला वाटलं होतं आता जन्मभर..."

"त्यात काय," तो हसून म्हणाला. "डाव्या हाताचा मळ आहे, वहिनी."

कप त्याच्या डाव्या हातात होता.

थोरलीला वर बघवेना. ती खाली बघत राहिली, बॉनेटमध्ये. तिथं पत्रे होते, फटीतला उजेड होता, आणि बराच आत, थरांच्या पलीकडे, कप धरून तिचा नवरा उभा होता. तो तिच्याकडे बघत होता. त्याचा उजवा हात थरथरत होता, आणि काठोकाठ भरलेला चहा हिंदकळून खालच्या बशीत पडत होता.

इकडची बशी कोरडी होती.

एक थेंब. दोन. तीन. थोरली सवयीनं मोजत राहिली.