मागच्या खुर्चीचा चहा

आमचा देवानंद वेचलेल्या कापसावर ओकला. मोरीत नाही, अंगणात नाही. समोरच्या खोलीत पांढराशुभ्र ढीग लावून ठेवलेला, नेमका त्याच्यावर. दोन लेकरांचा बाप, आणि वरून मलाच सांगतो, "आई, मांजर ओकलं वाटते."

नाकाला पदर बांधून घाण लागलेला कापूस मी बोटांनी वेगळा केला. औषधासारखा वास, दुकानातल्या क्वार्टरचा. त्याच्या बापाचा वास वेगळा होता. तो मोहाची प्यायचा आणि संगं मूठमूठ फुटाणे खायचा. त्याच्या ओकारीत फुटाण्याची सालं निघायची. ती मी जन्मभर उचलली, आणि तो त्यातच गेला. आता डॉक्टरनं देवाचं पोट दाबून सांगितलं होतं, लिव्हर सुजलंय, पुन्हा प्याला तर वाचणार नाही.

सुनेनं, रंजीतानं, फोनवर दारू सोडणाऱ्यांची बैठक शोधली. ती आदिलाबादेत, तेलुगूत चालायची. देवाला तेलुगू येते ती कापूस विकण्यापुरती. पण लाज काय बाजारात विकायची असते? ती आपल्याच बोलीत सांगावी लागते. मग मंडल ऑफिसातली दीक्षा म्हणाली, "मावशी, माझे बाबा गुडीहत्नूरला मराठीत बैठक घेतात. ते स्वतःच पीत होते पहिले." तिचे बाबा म्हणजे भिवाजी गुरुजी.

रविवारी दुपारी मी देवाला हाताला धरून नेलं. हायवेला लागून शिकवणीची खोली. ट्रक गेला की वरचे पत्रे थरथरत. फिनेलचा वास, गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. एकच खुर्ची मागं, भिंतीला टेकलेली, रिकामी.

तिथली रीत अशी, की दारूनं घरातलं कोण नेलं त्याचं नाव उठून मोठ्यानं घ्यायचं. सगळे म्हणायचे, "ऐकलं." मग पिणाऱ्यानं आपलं सांगायचं.

"देवाचे वडील," मी म्हटलं.

"नाव, बाई," गुरुजी म्हणाले.

नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. रेशनच्या दुकानातसुद्धा मी शेजारणीला सांगायला लावते.

देवा उठला. "तू नाव नाही घेत, मंग मी काऊन माझं सांगू? चाललो मी." तो दारापर्यंत गेला. रस्त्यापलीकडे दारूचं दुकान उघडंच होतं.

"चंपतराव," मी म्हटलं.

लोकांनी "ऐकलं" म्हणायच्या आधीच मागून कोणीतरी ओ दिली. तोंडात घास भरलेला असताना देतात, तशी.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. देवा मात्र येऊन बसला, आणि नाक गळेस्तोवर रडत सगळं बोलला. मला किळस आली, पण तो बोलला.

मग चहा आला. गुरुजींनी विचारलं, "बाई, तुमच्यासंगं आलेले ते मागं बसले, चहा घेतात काय?"

मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी. बसायची जागा मात्र ओली होती. म्हटलं, फिनेल सांडलं असेल.

परत येताना ऑटोत देवा माझ्या अंगावर रेलून बसला.

"सरक ना तिकडं. उकडून राह्यलं."

"जागा कुठं हाय, आई?"

त्याच्या पलीकडे एक माणूस बसेल एवढी जागा होती.

त्या दिवसापासून देवानं दारूला हात लावला नाही. रविवार चुकवला नाही. गालफडं भरली, लेकरं मांडीवर बसू लागली. आणि एका सकाळी कापसाचा ढीग ओला दिसला.

मी झोपलेल्या देवाचं तोंड हुंगलं. मंजनाचासुद्धा वास नाही, नुसत्या झोपेचा. कापसाला वास मोहाचा. मी ओला पुंजका दोन बोटांत चोळला. फुटाण्याची सालं. आमच्या घरात देवाचा बाप गेल्यावर फुटाणे कोणी आणले नव्हते.

मग ते रोजचंच झालं. कोमट, चिकट. रंजीता लेकरांना घेऊन मागच्या दारानं ये-जा करू लागली. मी उचलत राहिले.

आज सकाळी देवा चपला घालून उभा दिसला.

"कुठं?"

"तू नाव घेतलं तवापासून तो माह्याजवळ बसून राह्यला, आई. रस्त्यानं, वावरात, जेवताना बी. मी नाही पेलो की तो पेते." त्याचे ओठ सुकले होते. "मी एक घोट घेतो. मंग जाईन तो."

मी कापसाकडे पाहिलं.

ढिगाला मधोमध खळगा पडला होता. आम्ही पाहत असतानाच तो हळूहळू आणखी दबला, कोणी पाय पसरून नीट बसावं तसा.

मी पदर नाकाला बांधला. घमेलं उचललं.

"चपला काढ, देवा. तू पेलास तर मले दोघांची उचला लागन. याच्या एकट्याची सवय हाय मले."