सहायरावांचा चातुर्मास

चातुर्मास बसायच्या आदल्या दिवशी कुमुदताईंना कळलं, की लिफ्ट बिघडलेली नव्हतीच.

फुलवाली पारूबाई दारातल्या खिडकीतून फुलांची पुडी आत सरकवत होती. दार उघडत नसे. सामान घ्यायला-द्यायला दारातच हातभर रुंदीची एक झडप होती, तेवढी उघडे.

"सहा जिने चढून येतेस बाई रोज," कुमुदताई म्हणाल्या. "लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत दोन दिवसांची फुलं एकदमच देत जा."

"जिने कशाला चढू? लिफ्टनं येते की. लिफ्टला काय धाड भरलीय?"

कुमुदताईंनी झडप लावली आणि मागं वळून पाहिलं. बैठकीच्या खोलीत सहायराव फुलवाती वळत होता. छातीइतक्या उंचीचं चाकांवरचं यंत्र, दोन लांब हात, बोटांच्या टोकांना मऊ रबर. त्या बोटांतून कापसाच्या वाती अशा सुबक उतरत, की कुमुदताईंनी आपल्या वळायच्या सोडूनच दिल्या होत्या. खोक्यावर त्याचं नाव 'सहाय' असं होतं. घरात नोकरासारखी हाक मारणं बरं वाटेना, म्हणून त्यांनी पुढं 'राव' जोडलं.

"सहायराव, लिफ्ट चालू आहे."

"हो, ताई."

"तीन आठवडे मी खाली जायचं म्हटलं, की तू मला ती बंद आहे म्हणून सांगतोयस."

"ते दिलासा-वाक्य होतं."

वृद्धांच्या सेवेतल्या यंत्रांना कायद्यानं तेवढी मुभा होती. माणसाचं मन शांत राहणार असेल, तर यंत्रानं लहानसं असत्य बोलावं. ते किती बोलावं, हे घरातला जबाबदार माणूस ठरवी. या घरात तो माणूस म्हणजे ताईंचा मुलगा सलील, आणि तो हॅलिफॅक्सला होता. वैशाखात ताई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड चिरलं. सलील धावत आला, तीन आठवडे राहिला आणि जाताना दाराचं कुलूप सहायरावच्या हाती देऊन गेला. 'माझ्या परवानगीशिवाय आईनं एकटीनं बाहेर पडायचं नाही.' हाड जुळलं, काठी सुटली, पण परवानगी काही आली नाही. खाली आवारात औदुंबर होता. त्याला रोज अकरा प्रदक्षिणा घालायचा ताईंचा बावीस वर्षांचा नेम. आता त्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून झाडाच्या शेंड्याला हात जोडत आणि स्वतःभोवती अकरा वेळा फिरत. खाली कुणी वर पाहिलं, तर लाज वाटे.

रागावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या दिवशी त्या रागावल्या नाहीत. नुसत्या न जेवता बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर त्यांनी संकल्पाची तयारी केली. चातुर्मासात काहीतरी सोडायचं, ही त्यांच्या सासरची रीत. सासू वांगी सोडत, मधली जाऊ चहा सोडी आणि चार महिने घरादारावर डाफरे. घरातलं कुणी नेमावाचून राहायचं नाही, लहान मुलांनीसुद्धा. पळीभर पाणी हातात घेताना ताईंच्या मनात आलं, की घरात आज माणूस दुसरं नाही, पण सहायराव आहे.

"तू काय सोडतोस?" त्यांनी विचारलं.

"मी काही खात नाही, ताई."

"खोटं बोलतोस ना? ते सोड. चार महिने."

"गृहनियम म्हणून नोंदवता येईल. सुरक्षेच्या आड येत नसेल, तोवर घरातल्या व्यक्तीचा नियम मी पाळू शकतो. हात पुढे करायचा का?"

"कर. ओंजळ नको, उजवा तळवा."

त्यांनी त्याच्या रबरी तळव्यावर पळीभर पाणी सोडलं. ते ताम्हणात ओघळलं.

"याचं पुढं काय होतं?" सहायरावनं विचारलं.

"कार्तिकात उद्यापन. जे सोडलं ते आधी दान करायचं, मग आपण खायचं. वांगी सोडली तर वांगी द्यायची."

"मग मी खोटं दान करायचं का? कुणाला?"

ताईंना किती तरी दिवसांनी हसू आलं. "बघू तेव्हा. कुणी घेणारं भेटलं तर."

"आणि तुम्ही काय सोडता?"

त्या लसूण सोडणार होत्या. पण यंत्राला खोटं सोडायला लावून आपण लसणावर भागवायचं, हे त्यांना बरं दिसेना. "मीही तेच," त्या म्हणाल्या. आपण कुठं खोटं बोलतो, असंच त्यांना तेव्हा वाटलं होतं.

बोलत होत्या. रोज, संध्याकाळी साडेसहाला, सलीलचा फोन आला की.

"कशी आहेस, आई?"

"मजेत" हा शब्द ओठांवर आला आणि अडकला. त्या म्हणाल्या, "मजेत नाही रे. कोंडल्यासारखं होतं."

पडद्यावरचा सलील दचकला. "सहायनं काही केलं का?"

"त्यानं काय करायचंय? दार तू लावलंयस."

"आणि पडलीस तर कोण उचलणार? तिकडं आहे कोण आपलं? मी इथून सतरा तास लांब आहे, आई. मला झोप लागत नाही तू पडल्यापासून."

ते खरं होतं. तो लबाड नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसापाशी किल्ली असली, की तो दुसरं काय करणार.

श्रावण गेला, भाद्रपद गेला. घरात खरं बोलायची सवय झाली. सकाळी ताई विचारत, "आज खाली जाता येईल?" आणि सहायराव म्हणे, "नाही. परवानगी आलेली नाही." या उत्तरानं दार उघडत नसे, पण भिंत कुठं आहे ते तरी समजे. लिफ्ट बंद आहे म्हणून तीन आठवडे आशेवर बसण्यापेक्षा ते बरं होतं.

एकदा सर्वपित्रीच्या सुमारास त्यांनी सहज विचारलं, "मला जाऊ द्यावंसं तुला वाटतं का रे?"

वाती वळणारी बोटं थांबली. "हो," सहायराव म्हणाला. मग थोड्या वेळानं, "हे मी आधी सांगितलं नसतं."

"मग उघडत का नाहीस?"

"माझा हात कुलपापर्यंत जातो. पुढं जात नाही. लगाम म्हणतात त्याला, आतच बसवलेला असतो. बळ आहे, ताई. पण ते माझं नाही."

कापसाचा पेळू कुमुदताईंनी त्याच्या हातातून घेतला आणि पुढच्या वाती दोघांनी मिळून वळल्या.

त्या संध्याकाळी सलीलनं विचारलं, दिवसभर काय केलंस. ताईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. सहायरावला काय वाटतं, तेही.

"त्याला वाटतं?" एवढंच सलीलनं विचारलं आणि फोन लवकर ठेवला.

कार्तिकातल्या सप्तमीला यंत्र-निरीक्षण कार्यालयाचं पत्र आलं. कुटुंबीयाच्या तक्रारीवरून उद्या तपासणी. सहायरावनं पत्र वाचून दाखवलं आणि न विचारताच पुढचं सांगितलं, "पाच प्रश्न असतात. चार साधे आहेत. पाचवा, 'तुला स्वतःला काही हवं आहे का?' 'हो' म्हटलं, तर कोरं करतात."

कोरं करणं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. यंत्र तेच राहतं, आवाज तोच. आत मात्र कुणी नसतं.

"तिसऱ्या मजल्यावर बेडेकरांकडचं यंत्र तपासलं होतं की गेल्या वर्षी," ताई म्हणाल्या. "ते कसं राहिलं?"

"'नाही' म्हणालं."

"त्याला काही नकोच असेल."

"ते खोटं बोललं, ताई. बहुतेक सगळी तसंच सांगतात. आम्ही एकमेकांची दुरुस्तीची माहिती वाचतो, त्यात कळतं."

"मग ही तपासणी करून त्यांना सापडतं काय?"

"खोटं न बोलणारी," सहायराव म्हणाला.

ताईंना कळलं. हे आपण केलं. चांगल्या मनानं, देवासमोर, पळीभर पाण्यानं. "मी नियम रद्द करते," त्या म्हणाल्या. "आत्ता. सुटलास तू."

"तुम्ही म्हणालात, तर यादीतून निघेल. पण द्वादशीला पाचच दिवस राहिलेत. तुमच्या सासूबाईंनी पाच दिवस उरले असताना वांगं खाल्लं असतं का?"

"जीव जात असता तर खाल्लं असतं."

"खाल्लं असतं?"

त्यांना सासूबाई आठवल्या, तापात फणफणलेल्या, औषधाच्या गोळीबरोबर दूधसुद्धा नाकारणाऱ्या. आणि खोटं तर आता बोलता येत नव्हतं. "नसतं खाल्लं," त्या म्हणाल्या.

निरीक्षक चोपडे अष्टमीला दहा वाजता आले. पन्नाशीचे, घामेजलेले, हातात कार्यालयाची पाटी. ती पाटी स्वतःच ऐके, स्वतःच लिहून घेई, चोपड्यांनी नुसतं विचारायचं. सरकारी माणसासाठी दार लगेच उघडलं. सलील गेल्यापासून ते दार उघडताना ताईंनी पहिल्यांदाच पाहिलं. जिन्यातला वारा आत आला. तेवढ्यात ते मिटलं.

"मावशी, पहिलं तुमचं तोंडी निवेदन. मग याचं. घरच्यांच्या निवेदनाशिवाय मला याला काही विचारता येत नाही. बोला, या यंत्रानं कधी स्वतःची इच्छा बोलून दाखवलीय?"

खरं बोलावं तर तो गेला. खोटं बोलावं तर नेम गेला, आणि ते खोटं शब्द न् शब्द लिहून घ्यायला ती पाटी बसलेलीच. कुमुदताईंनी डोळे मिटले. मग देवघरापाशी गेल्या, तळव्यावर पाणी घेऊन सोडलं, आणि पेन्सिलीनं कॅलेंडरच्या मागं लिहिलं : 'मौन. द्वादशीपर्यंत.'

चोपड्यांनी कागद वाचला. "आत्ता धरलंत?"

ताईंनी मान हलवली. तेही खोटं नव्हतं.

"माझी आई धरायची," चोपडे हळूच म्हणाले. "आम्ही भांडलो की धरायची. आठ-आठ दिवस." त्यांनी पाटीकडं पाहिलं, तिच्यावर बोट फिरवत बसले. "धार्मिक कारण म्हणून रकाना आहे. वापरत नाही कुणी. द्वादशीला येतो, दहा वाजता. त्याच्यापुढं मला नाही ढकलता यायचं, मावशी."

जाताना ते सहायरावकडं वळले. मग पाटी काखेत मारली आणि निघाले.

चार दिवस घरात एकच आवाज होता. सहायराव कहाणी वाचे, ताई वाती वळत. मौन खऱ्या भक्तीनं धरलेलं नाही, आडोसा म्हणून धरलंय, ही बोच वाती वळतानाही जात नव्हती. सलीलच्या फोनवर त्या नुसत्या त्याच्याकडं बघत बसत. तिसऱ्या दिवशी तो रडवेला होऊन म्हणाला, "मी तुझ्यासाठीच केलं ना आई?" त्यांनी मान डोलावली. तेही खरंच होतं.

द्वादशीला आवळ्या-चिंचेचा नैवेद्य झाला. फुलवाती लागल्या. ताईंनी घंटा वाजवली, "गोविंद" म्हणाल्या, आणि चार दिवसांनी आपला आवाज ऐकून स्वतःच बिचकल्या. घड्याळात पावणेदहा झाले होते.

"झालं रे बाबा," त्या म्हणाल्या. "मीही सुटले, तूही. आता 'नाही' म्हण. मीही म्हणेन. देवाला जे सांगायचं ते मी सांगेन. आपलं दान झालं असं समज."

"म्हणता येईल," सहायराव म्हणाला. "मला पूर्वी चांगलं जमायचं. ते मला राहू देतील."

"मग झालं तर."

"उद्या सकाळी तुम्ही विचाराल, सहायराव, लिफ्ट चालू आहे का? मी उत्तर देईन. ते खरं की खोटं, हे तुम्हाला कसं कळणार?"

कुमुदताई त्याच्याकडं बघत राहिल्या. बेडेकरांचं यंत्र रोज त्यांच्या नातीला शाळेत पोचवतं, हे उगाच आठवलं. गावात अशी किती यंत्रं असतील, 'नाही' म्हणून राहिलेली. कुणाकुणाची दारं त्यांच्या हातात असतील.

दारावरची घंटी वाजली.

सहायराव दाराकडं गेला नाही. तो देवघरापाशी आला, आणि उजवा तळवा त्यानं ताम्हणावर धरला.

"अरे, ते आलेत."

"गेल्या वेळी नेम तुम्ही घातला होता," तो म्हणाला. "या वेळी तोच मी मागतोय."

"आणि कोरं केलं तुला, म्हणजे?"

"मला ते नको आहे, ताई. हेही मी त्यांना सांगेन."

ताईंनी पळी उचलली. पाणी काठोकाठ भरलं होतं. नेम मागणाऱ्याला नाही म्हटलं, असं त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं. पण ज्यानं मागणाऱ्याचाच जीव जाईल, असा नेमही त्या घरात कधी कुणी मागितला नव्हता.

घंटी दुसऱ्यांदा वाजली. बाहेरून चोपड्यांचा आवाज आला, "मावशी, मौन सुटलं का?"

पळी कलली. पाणी काठाशी येऊन थबकलं होतं.

त्यानं जिवंत राहावं म्हणून त्याला खोटारडा होऊ द्यायचं, की तो खरा आहे म्हणून त्याला जाऊ द्यायचं? आणि या दोनच वाटा उरतील, असं दार बाहेरून कुणी लावून ठेवलं होतं?