काळ्या बैलाची पट्टी

ग्विनेदच्या राजाची शेतं नांगरून झाली की आमच्या गावाची पाळी येते. आठ घरांचे आठ बैल, नांगर एक. मी हाकाऱ्या. बैलांकडे तोंड करून उलटा चालतो आणि एकेकाचं नाव घेऊन गातो. मागे इथेल नांगर धरतो. ओल्या मातीचा वास, डोंगरावरून उतरणारं ऊन. याहून सुखाचं काम मला ठाऊक नाही.

तिसऱ्या दिवशी लेयकी म्हातारीचा काळा बैल मुइनिन जुवातच बसला आणि गेला.

नांगर ओढून मेलेल्या बैलाच्या धन्याची जमिनीची पट्टी बुडत नाही. गाव ती नांगरून देतं. तिला काळ्या बैलाची पट्टी म्हणतात. मात्र हाकाऱ्याने दमवून मारला असेल, तर हाकाऱ्याने आपला बैल द्यायचा. आणि आपल्या मरणानं मेला असेल, तर धन्याला काहीच नाही. कारभारी ग्वगॉनने मला विचारलं. मी म्हणालो, म्हातारा होता, आपल्या मरणानं मेला. खरं तर तो धापा टाकताना मला दिसत होता, आणि मी गाणं थांबवलं नव्हतं.

लेयकीची पट्टी गेली. पट्टी नाही तर जव नाही, जव नाही तर गावात राहणं नाही. ती एवढंच म्हणाली, "गळा गोड आहे रे तुझा, एनयन. जनावर मरेपर्यंत ऐकत राहतं."

चौथ्या दिवशी सात बैल जुंपले. जुवाची रिकामी बाजू खाली झुकायला हवी होती. झुकली नाही. मी सात नावं गायलो. बैल हलेनात.

"आठवं कोण गाणार, तुझा सासरा?" इथेल म्हणाला.

मी मुइनिनचं नाव घेतलं.

बैल चालले. रिकाम्या बाजूची दोरी ताठ झाली.

दुपारी मी ग्वगॉनला खरं ते सांगितलं. माझा बैल लेयकीचा झाला, पट्टीही तिला मिळाली. त्याच उन्हात आम्ही ती नांगरली. माती लोण्यासारखी उलटत होती. लेयकीने ओटची भाकरी आणि ताक आणलं. बांधावर बसून सगळे जेवलो. छाती हलकी झाली होती.

जू सोडताना ती म्हणाली, "माझ्या मुइनिनच्या जुवाची खीळ काढलीस ना?"

मी हसलो. रिकाम्या जागेची खीळ कोण काढतो?

सकाळी पट्टीच्या पुढे, पडीक माळावर, नांगराचं एक सरळ तास निघालेलं होतं.

एकाच बैलाचे खूर. मागे नांगऱ्याचं पाऊल नाही. कडेने मात्र माणसाची पावलं होती, उलटी चाललेली. मी त्यात पाय ठेवून पाहिला. बरोबर बसला.

इथेलने लांबून हाक मारली. ओ द्यायला गेलो, तर माझा आवाज बसलेला होता.