उंबरठ्यावरचा कोतवाल

ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पदरचं मी यात काही घातलेलं नाही.

ज्या दोघींच्या बाबतीत हे घडलं, त्यांच्याच मांडीवर मी वाढले. एक माझी आई, अन्नपूर्णा. दुसरी तिची जिवाभावाची मैत्रीण, शरदिनी. माझी शरूमावशी. आई याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. मला जे कळलं ते शरूमावशीच्या तोंडून, आणि तेही आई गेल्यावर.

साल १९३६. इंग्रजांचं राज्य. काशीत, बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला आमची मराठी माणसांची गल्ली. पौषातली दिवेलागणीची वेळ.

गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या बायका आपापल्या दारात उभ्या राहून एकमेकींच्या हातात वाटी द्यायच्या. एका बाजूला अन्नपूर्णेचं घर. नवरा विष्णू, सासू आणि तीन लेकरं. समोर शरदिनीचं घर.

शरदिनी फार लहानपणी विधवा होऊन भावाकडे परतली होती. भाऊ दिनानाथ. पाठशाळेत व्याकरण शिकवायचा. त्याने लग्न केलं नाही. रोज सकाळी भर थंडीत गंगा पोहून यायचा. अंगाने दणकट, तोंडाने तिखट.

भाऊ, बहीण आणि एक कुत्रा. एवढाच संसार.

कुत्र्याचं नाव कोतवाल. काळाकुट्ट होता. काळभैरव म्हणजे काशीचा कोतवाल, आणि कुत्रा त्याचं वाहन, म्हणून गल्लीनेच हे नाव ठेवलं. घर सोवळ्याचं. त्यामुळे त्याला उंबरठा बंद. त्याची जागा बाहेर चबुतऱ्याच्या कोपऱ्यात, एका तरटावर. म्हातारपणी तो मागचा एक पाय ओढत चालायचा.

टक्, टक्, टक्... खर्र.

दगडी गल्लीत त्याची चाल लांबून ओळखू यायची.

त्याची एक खोड होती.

गल्लीतलं कुणी जग सोडून जायचं असलं, की तो आपलं तरट सोडायचा. त्या घराच्या उंबरठ्यावर जाऊन आडवा पडायचा आणि एक लांब उसासा टाकायचा. हाकललं तरी हलायचा नाही. मग त्या घरातून तिरडी निघायची.

लोकांना त्याची भीती वाटत नसे. काशीत मरण यावं म्हणून माणसं कुठून कुठून येऊन राहतात. "कोतवालसाहब बुलावा लेके आए हैं," असं म्हणून शेजारी हसायचे. काही म्हातारे तर त्याला पोळी घालून म्हणायचे, "बाबा रे, आता आमच्याकडे ये."

त्या वर्षी कार्तिक सरता सरता कोतवाल स्वतःच गेला. वय झालं होतं. शरदिनीच्या तळहातावरचं दूध त्याने चाटलं, आणि मान खाली टाकली.

दिनानाथने आपला धुतलेला पंचा आणला. कुत्र्याला त्यात गुंडाळलं. नाव ठरवली. सासूची बोलणी खाऊन अन्नपूर्णाही नावेत येऊन बसली. मधल्या धारेत कोतवालला सोडताना शरदिनीचा हात तिने घट्ट धरून ठेवला होता.

नंतर लोक हसायला लागले. "कुत्र्याचं सुतक धरलंय म्हणे शरदिनीने!"

खरंच, ती जेवत नव्हती. संध्याकाळी दारात यायची नाही. तो रिकामा कोपरा तिला बघवत नव्हता.

मग अन्नपूर्णा रोज दिवेलागणीला सुपात मटार घेऊन येऊ लागली.

"सोल."

"मन नाही लागत गं, अन्ने."

"मन राहू दे. हात तर लागतात ना? सोल."

एकदा शरदिनी म्हणाली, "माणूस गेलं की सगळे येतात. हा गेला तर मला रडायचीही शरम वाटते."

"माझ्यापुढे रड. मी कुणाला सांगायला जात नाही."

शरदिनी रडली. अन्नपूर्णा मटार सोलत राहिली. तिने समजूत घातली नाही, उपदेश केला नाही. नुसती बसून राहिली. त्या बसण्यानेच शरदिनी हळूहळू घास गिळायला लागली.

पौष लागला. गल्लीत कोहरा, म्हणजे तिकडचं दाट धुकं, उतरू लागला. हात लांब केला तर बोटं दिसेनाशी व्हायची.

अशाच एका संध्याकाळी अन्नपूर्णा नुकतीच घरी गेली होती. शरदिनी सालं गोळा करत होती. घाटावरच्या आरतीची घंटा थांबली...

आणि गल्लीच्या टोकाकडून आवाज आला.

टक्, टक्, टक्... खर्र.

तिचे हात जागच्या जागी थांबले.

टक्, टक्, टक्... खर्र.

आवाज जवळ आला. दारापाशी आला. चबुतऱ्याच्या कोपऱ्याकडे गेला...

आणि थांबला.

तिने दार उघडलं. बाहेर नुसता कोहरा. कुणी नाही.

सकाळी बघते तर चबुतऱ्यावर तरट अंथरलेलं! कोतवाल गेल्यावर तिने ते धुऊन माळ्यावर टाकलं होतं. तिच्या अंगावर काटा आला.

"दादा, हे तरट..."

"मीच घातलं," दिनानाथ पोथीतून मान वर न करता म्हणाला. "थंडी किती आहे!"

म्हणजे त्यानेही ऐकलं होतं. यावर भावाबहिणीत पुढे काही बोलणं झालं नाही. पण शरदिनीला फार दिवसांनी बरं वाटलं. आपला कोतवाल आहे, इथेच आहे. रोज संध्याकाळी ती त्या आवाजाची वाट बघू लागली.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली. गल्लीतली बाकीची कुत्री दिसेनाशी झाली होती. दिवसाही. आमच्या दारातली पोळी खायला येणारा सांडसुद्धा वळणावर थबकायचा आणि परत फिरायचा.

मग अन्नपूर्णा तापाने पडली.

आधी साधी सर्दी. मग खोकला. मग श्वास घेताना छातीत कळ. वैद्यबुवा आले, नाडी बघितली. "छाती भरली आहे," एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर विष्णूला म्हणाले, "लेकरांना जवळ असू द्या."

शरदिनी दिवसभर तिच्या उशाशी बसली. दिवेलागणीला आपल्या घरी दिवा लावायला आली.

घंटा थांबली.

टक्, टक्, टक्... खर्र.

ती तरटाकडे बघत उभी राहिली. आवाज आला... जवळ आला...

पण तरटाकडे वळला नाही.

समोर गेला.

अन्नपूर्णेच्या दारापाशी काहीतरी जड खाली टेकल्याचा आवाज झाला. आणि मग...

एक लांब उसासा.

समोरच्या घरात धाकटं तान्हं रडत होतं. ते तान्हं म्हणजे मी. आईला दूध पाजायचीही शुद्ध नव्हती.

दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णेचे ओठ निळे पडले. हाक मारली तरी ती डोळे उघडेना. सासूने तुळस आणि गंगाजळ उशाशी आणून ठेवलं. विष्णू भिंतीकडे तोंड करून उभा होता.

संध्याकाळ झाली. शरदिनी आपल्या दारात येऊन उभी राहिली. कोहरा एवढा दाट, की समोरचं दार दिसत नव्हतं.

आवाज आला. आज जरा घाईने आला. समोरच्या उंबरठ्यावर जाऊन पडला. उसासा.

तिने विचार केला. अन्नपूर्णेच्या मागे तीन लेकरं. माझ्यामागे कोण? मी गेले तर कुणाचं काय अडणार आहे?

तिने वाकून आपल्या उंबरठ्यावर हात ठेवला. जिथे त्याला कधी पाय ठेवू दिला नव्हता, तिथे.

"कोतवाल... ये बाबा. इकडे ये."

काही नाही.

"तिथे नको रे. इथे ये. इथे निज."

काहीच नाही... फक्त समोरून अन्नपूर्णेचा घरघरणारा श्वास.

शरदिनी हात तसाच ठेवून बसली. दगड बर्फासारखा गार. बराच वेळ गेला. ती परत हाक मारणार...

तेवढ्यात तो उठला.

टक्, टक्, टक्... खर्र.

गल्ली ओलांडून आला. तिच्या हातावरून काहीतरी गेलं. ओलसर, केसाळ, थंडगार. उंबरठ्यावर ते आडवं झालं. तिच्या पदराची कड त्याच्या वजनाखाली दबली. तिने ओढली, तरी निघेना.

उसासा तिच्या तोंडावर आला. त्याला गंगेच्या गाळाचा वास होता.

तिला भीती वाटली नाही. तिने पदर तसाच हळूहळू सोडवून घेतला. आत जाऊन देवापुढे दिवा लावला. खिचडी टाकली. आज आपल्या हातचं शेवटचं, म्हणून भावाच्या पानात तूप जरा जास्त वाढलं.

"आज काय आहे?" दिनानाथने विचारलं.

"काही नाही. थंडी आहे."

"अन्नपूर्णा कशी आहे?"

"बरी होईल."

त्याने तिच्याकडे बघितलं. "आणि तू? चेहरा बघ जरा आरशात. जा, पड. भांडी मी आवरतो."

भांडी तो जन्मात पहिल्यांदा आवरत होता. तिला हसू आलं. गंगाजळाचा गडू उशाशी घेऊन ती आडवी झाली आणि डोळे मिटले.

सकाळी डोळे उघडले.

उघडले! ती उठून बसली. हात बघितले, पाय बघितले. तेवढ्यात समोरून विष्णूची हाक आली, "शरदिनीताई, घाम आला! ताप उतरला! पाणी मागितलंन् तिने!"

शरदिनी हसत, रडत आतल्या खोलीकडे धावली. "दादा! अरे दादा, ऐकलंस का..."

दिनानाथ अजून उठला नव्हता.

गंगेवर जायची त्याची वेळ टळून गेली होती. तो कुशीवर निजला होता. चेहरा शांत. एक हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि बोटं किंचित वळलेली होती... कुणाच्या तरी कानामागे खाजवत असल्यासारखी.

अंग केव्हाच गार पडलं होतं.

उंबरठा काही तिच्या एकटीचा नव्हता. हे तिच्या तेव्हा ध्यानातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून कोतवालची चाल गल्लीत कुणी ऐकली नाही. गल्लीतली कुत्री परत आली. सांड परत आला. जसं काही झालंच नव्हतं.

तेरावा उरकला. शरदिनी अंधाऱ्या खोलीत एकटीच बसून असायची. एका संध्याकाळी भिंतीला धरत धरत अन्नपूर्णा आली. हाडांचा सापळा झाला होता तिचा. ती शेजारी बसली. शरदिनीला तिच्याकडे बघवेना. सांगावं तर कसं? तू वाचलीस ती माझ्या भावाच्या जिवावर, हे तोंडातून काढायचं तरी कसं?

मग अन्नपूर्णाच म्हणाली, "शरू, मी ऐकलं होतं."

"काय?"

"तुझी हाक. डोळे उघडत नव्हते माझे, पण कान शाबूत होते. उंबरठ्यावर कोण निजलंय ते मला ठाऊक होतं. तू बोलावत होतीस, आणि तो उठत नव्हता."

शरदिनीने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

"मग मीच म्हटलं मनात... जा. जा रे बाबा, ती बोलावतेय ना, जा तिकडे." अन्नपूर्णेचा आवाज फाटला. "तिकडे तू आहेस हे मला माहीत होतं, शरू. तरी म्हटलं. माझी तीन लेकरं होती गं..."

शरदिनीने अन्नपूर्णेचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि पूर्ण अंधार होईपर्यंत ती तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

त्यानंतर जन्मभर त्या दोघी समोरासमोर राहिल्या. एकीशिवाय दुसरी जेवली नाही. पण मी कळती झाल्यावर एक बघितलं होतं. बोलता बोलता दिनानाथदादांचं नाव निघालं, की आई उठून आत जायची.

शरूमावशीचं हे सगळं सांगून झालं. न राहवून मी विचारलं, "मावशी, दादा खरंच त्या हाकेमुळे गेले? की त्यांचे दिवस तसेही भरलेच होते?"

ती माझ्याकडे बघत राहिली. जणू माझ्यात ती माझ्या आईचा चेहरा शोधत होती.

मग म्हणाली, "तू जेवलीस का गं?"

तिने पान वाढलं. मी बसले. पण घास काही केल्या खाली उतरेना.