तेविसावं उत्तर

त्या शनिवारी लिंबाएवढ्या गारा पडल्या नसत्या, तर रॉइस हॅडॉक लायब्ररीची पायरी चढला नसता. पण गारांपुढे कुणाचं चालतं? अमेरिकेतल्या माळावरच्या विलो फोर्क गावात एकुलत्या एका रस्त्यावर आडोसा म्हणजे दोनच. एक बार आणि दुसरी लायब्ररी. बारमध्ये सतरा वर्षांच्या पोराला कोण उभं करणार? तो आला लायब्ररीत, टोपी झटकत, बुटांचा चिखल सगळ्या सतरंजीवर सांडत.

खिडकीजवळच्या टेबलाशी मारेन बसली होती. इंटरनेट धड चालायचं ते तिथंच. दोन वर्षं ती दर शनिवारी तिथं बसून कॉलेजचे ऑनलाइन वर्ग करायची. शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट मिळवायचे, म्हणजे पुढे एक वर्ष वाचतं. पोरगी हुशार होती, त्यात शंका नाही. पण हुशारीचा तोरा केवढा! नाकावर माशी बसू द्यायची नाही.

पोरगं सरळ समोरची खुर्ची ओढून बसलं.

"हे टेबल माझं आहे," मारेन मान वर न करता म्हणाली.

"नाव कुठं लिहिलंय?"

"लिहावं लागत नाही. गावाला माहीत आहे."

"मी या गावचा नाही. बारा मैलांवरचा."

"ते बुटांवरून दिसतंय."

तो हसला. खिशातून फोन काढून वाचत बसला. छपरावर गारा ताशासारख्या वाजत होत्या. मारेनने सहज तिरक्या नजरेनं पाहिलं तर... त्याच्या फोनवर तिचाच निबंध.

लेखनाचा तो वर्ग होता चोवीस पोरांचा, चोवीस गावांतल्या. दर आठवड्याला वर्गाच्या इंटरनेटवरच्या पानावर आपलं काहीतरी लिहून टाकायचं आणि दुसऱ्या दोघांच्या लिखाणाखाली उत्तर द्यायचं, नाहीतर गुण कापतात. मारेनने माळावरच्या एकटेपणावर लिहिलं होतं. लांबवर एकटी उभी असलेली गाय, संध्याकाळ, वगैरे. त्याखाली कुणा आर. हॅडॉकनं लिहिलं होतं : 'लिखाण छान. पण गाय उगाच एकटी उभी राहत नाही. एकटी असेल तर ती आजारी तरी असते, नाहीतर व्यायला आलेली.' आठवडाभर तिचं डोकं फिरलं होतं.

"ते... तू लिहिलंस?"

त्यानं फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू मारेन? अरे देवा. मला वाटलं कुणी पन्नाशीची बाई असेल. कसली खरमरीत उत्तरं देतेस."

"खरमरीत नाही. बरोबर."

"गाईबद्दल चूक."

गारा थांबल्या, तरी तो तासभर उठला नाही. लायब्ररी सांभाळणाऱ्या प्रूइटबाई चष्म्यावरून बघत राहिल्या. चिखलाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी काय कमी पावसाळे पाहिले होते?

मग शनिवार दोघांचा झाला. दुपारी समोरच्या कॅफेत चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा गोड सिनॅमन रोल. तो रोल चिलीत बुडवून खायचा, ती वेगळा खायची आणि त्याला रानटी म्हणायची. परीक्षेला प्रूइटबाई दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसायच्या, नियमच तसा होता. थंडी पडली तेव्हा तो आपले हातमोजे हीटरवर वाळत घालायचा आणि घरी निघताना ते गरम गरम तिच्या हातात द्यायचा. "माझे हात काय, बर्फालाच सरावलेले," म्हणायचा.

त्याची गोष्ट साधी होती. बापाची गुरांची रँच, दोन पोरींवर हा एकटा पोरगा. बाप म्हणाला होता, "लिंकनला जायचंय ना, जा. तीन वर्षं देतो, चौथं नाही." चार वर्षांचं शिक्षण तीन वर्षांत बसवायचं, तर एक वर्ष शाळेतच उरकायला हवं. एकही क्रेडिट गळून चालणार नव्हतं. मारेनही लिंकनच्याच विद्यापीठात जाणार होती.

"तिथं गेल्यावर..." तो एकदा म्हणाला आणि थांबला.

"गेल्यावर काय?"

"तिथली लायब्ररी सहा मजली आहे म्हणे. टेबलं खूप असतील." तो बुटाच्या टोकाकडे बघत होता. "पण आपण एकाच टेबलावर बसू... बसायचं ना?"

"बूट पुसून आलास तर," ती म्हणाली. आणि बारा मैल गाडी चालवत तो शीळ घालत गेला असणार, हे तिला न बघता कळलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी तिनं नवा निळा स्वेटर घातला. दोघांचे रोल आधीच मागवून ठेवले. अकरा वाजले, दोन वाजले, चारला प्रूइटबाईंनी दिवे मालवले. तो आला नाही.

"गाई व्यायचे दिवस आहेत, पोरी," प्रूइटबाई म्हणाल्या. "फोन करून बघ."

"मी का करू?"

दुसऱ्या शनिवारीही नाही. तिच्या मनात राग धुमसत राहिला. वर्गाचं पान ती उघडायची, आपलं टाकायची, वरच्या दोन नावांखाली दोन ओळी खरडायची आणि बंद करायची. खाली नजर टाकायची नाही, आपल्या निबंधाखालची उत्तरंसुद्धा उघडायची नाही. त्याचं नाव दिसलं तर?

मार्च संपता संपता फोनवर रॉइसचा निरोप आला : 'पहिलारू गाई एकामागून एक व्यायला येताहेत, बाबांचा हात मोडला, एकटाच आहे. हा वर्ग आता झेपत नाही, उन्हाळ्यात पुन्हा घेईन. शाळेतल्या बाईंना सांगितलं, त्यांनी नाव काढलं. तू सगळं वाचतेस. काही राहिलं असेल तर कळव.'

राहिलं होतं. तेच तर राहिलं होतं. पोरं शाळेच्या बाकावर बसलेली, पण नाव कॉलेजच्या वहीत. शाळेनं नाव काढलं म्हणून कॉलेज काढत नाही. ते ज्याचं त्यानं कॉलेजच्या पानावर जाऊन काढायचं असतं, चार एप्रिलच्या दुपारी बाराच्या आत. नाहीतर नापासाचा शिक्का बसतो, आणि तो जन्मभर पुसत नाही. दरसाल एखादं पोर यात फसतंच. मारेनने ती सूचना सप्टेंबरातच वाचली होती. तारखेखाली पिवळी रेघ ओढली होती.

तिनं लिहायला घेतलं. 'रॉइस, चार तारखेच्या आत...' आणि थांबली. पाच आठवडे तोंड दाखवलं नाही. एकदा माफ कर म्हणाला नाही. आणि आता काम पडलं तेव्हा 'तू सगळं वाचतेस'? आधी येऊ दे म्हणावं. समोर बसू दे. मग सांगू.

तिनं लिहिलेलं पुसून टाकलं.

चार तारखेला ती शाळेच्या जेवणघरात बसली होती. घड्याळ बरोबर समोर. बाराला दहा मिनिटं. फोन हातात होता, त्याचं नाव उघडलेलं. एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? शेजारच्या पोरी काहीतरी हसत होत्या. बाराला दोन. अजूनही होतं. मग घंटा झाली, आणि तिनं ताट उचललं.

मे महिन्यात प्रूइटबाईंनीच सांगितलं, पुस्तकांवर शिक्के मारता मारता. "हॅडॉकांच्या पोराला कॉलेजनं नापास केलं म्हणे. बाप म्हणाला, झालं एवढं शिक्षण बस झालं."

मारेन पुस्तकं तशीच ठेवून घरी आली. त्या रात्री जेवली नाही आणि आईनं विचारलं तर डोकं दुखतं म्हणाली. उन्हाळाभर डोकं दुखत होतं.

ऑगस्टात लिंकनला निघायच्या आदल्या दिवशी ती पुस्तकं परत करायला आली आणि लायब्ररीच्या दाराशी तशीच उभी राहिली. रस्त्यापलीकडे रॉइसची गाडी थांबली आणि तो रस्ता ओलांडून आला. तो रापला होता, रुंद झाला होता.

"एकटी का उभी आहेस?" तो म्हणाला. "आजारी आहेस का?"

तिला हसू आलं नाही. "रॉइस, मला ती तारीख माहीत होती."

"कसली?"

"चार एप्रिल. नाव काढायची. मला माहीत होती आणि मी सांगितली नाही. मुद्दाम. तू यावंस, म्हणून."

 दाराशीच उभ्या तिच्या गाडीची काच वाटेत आपटलेल्या टोळांनी भरली होती. त्यानं खिशातलं फडकं काढून ती पुसायला घेतली, सावकाश, एका कडेपासून.

"मी विचारलं, आणि तू काही बोलली नाहीस," तो म्हणाला. "म्हटलं, मारेन गप्प आहे म्हणजे काही राहिलेलं नाही. निर्धास्त होतो मी."

"शिव्या दे ना मला."

"देऊन काय करू?"

"तूही आला नाहीस. एक फोन नाही..."

"फोन गुरांच्या हौदात पडला होता, पहिल्याच शनिवारी. गोठ्यात जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर वर्गाचं पान तेवढं उघडायचं. म्हणून तिथंच लिहिलं, तुझ्या निबंधाखाली. सगळ्या वर्गासमोर." तो पुसतच होता. "बावीस उत्तरं आली. ओळखदेख नसलेली पोरं. एक जण म्हणाला, आम्ही सगळे तिच्या उत्तराची वाट बघतोय. तुझंच आलं नाही. म्हटलं... असो. महिन्याभरानं नवा फोन घेतला, तोवर पुन्हा विचारायची हिंमत उरली नव्हती. म्हणून कामापुरतं लिहिलं."

मारेनने विचारलं, "काय लिहिलं होतंस?"

त्यानं फडकं झटकलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. क्षणभर वाटलं, सांगेल. मग तो हसला, ते जुनं हसू, फक्त डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"राहू दे. चुका असतील त्यात. तू काढत बसशील."

टोपीला हात लावून तो रस्ता ओलांडून गेला. गाडीत मागे मिठाच्या विटा होत्या, गुरांसाठीच्या. गाडी निघून गेली.

मारेन आत धावली. खिडकीजवळच्या टेबलाशी बसली, वर्गाचं पान उघडलं. पडद्यावर एकच ओळ आली : 'हा वर्ग बंद झाला आहे.' तिनं पुन्हा उघडलं. पुन्हा तीच ओळ. चार वेळा, पाच वेळा.

"पोरी, काय शोधतेस?" प्रूइटबाईंनी विचारलं.

"एक वाचायचं राहिलंय," मारेन म्हणाली.