सज्ज्यातली मंडळी

लाँड्रीवाल्याने दोन्ही काळे पोशाख काउंटरवर ठेवले आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरात कुणी...?"

"नाही हो. गायचंय आज, कॅथेड्रलमध्ये," मावशी म्हणाली.

"मग बरं. काळ्या कपड्यांना हल्ली मी हसून हात लावत नाही. एकदा चांगलीच फजिती झालीय."

मावशी हसतच बाहेर पडली. ऊन कोवळं होतं, फुटपाथवर पानं पडली होती, आणि दोन्ही पोशाख हातावर घेऊन चालताना तिला उगाचच वाटलं, की शेजारून ताई चालली आहे. पूर्वी असंच व्हायचं. कपडे आणायला दोघी निघायच्या. ताई वाटेत गुणगुणायची, आणि कपडे धरायचं काम धाकटीकडे यायचं.

मावशीला गायकवृंदातले सगळेच मावशी म्हणत. खरं तर ती एकट्या चिमणीची मावशी. चिमणी म्हणजे ताईची मुलगी. ताई गेली तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. वडिलांनी वर्षभरात दुसरा संसार थाटला आणि पोर मावशीच्या पदरात आली. मावशीचं लग्नाचं राहून गेलं, पण घर कधी सुनं राहिलं नाही. चिमणी मोठी झाली, हट्टाने त्याच गायकवृंदात गेली, आणि यंदा तिने मावशीलाही ओढत परत आणलं. झालं, तिथल्या साऱ्यांना आयती मावशी मिळाली.

यंदाचं कारणही तसंच होतं. सज्जा पडला त्याला पंचवीस वर्षं होत होती.

कॅथेड्रलच्या मागच्या भिंतीला, मुख्य दाराच्या डोक्यावर, तेव्हा एक लांबरुंद लाकडी सज्जा होता. ज्यांनी गायकवृंद उभा केला, त्या जुन्या सरांनी त्या सज्ज्यासाठीच एक रेक्विएम रचला होता, म्हणजे गेलेल्या माणसांच्या शांतीसाठी सर्वांनी मिळून गायची मोठी प्रार्थना. अर्धे गाणारे खाली वेदीपाशी, अर्धे वर सज्ज्यात. शेवटच्या भागात खालच्यांनी विचारायचं, "दार कोण उघडेल?" आणि वरच्यांनी जबाब द्यायचा, "दार उघडंच आहे." पहिल्याच प्रयोगाला, खालच्यांनी तो प्रश्न विचारला आणि जबाबाऐवजी लाकूड मोडल्याचा आवाज आला. वरचं कुणीच वाचलं नाही. ना जुने सर, ना ताई. मावशी खाली उभी होती. तिने सगळं पाहिलं.

त्यानंतर ती रचना कुणी गायली नाही; आज पहिल्यांदाच पुन्हा गायची होती. सज्जाही पुन्हा बांधला नाही. भिंतीत तुळयांची कापलेली टोकं तेवढी राहिली, आणि उंचावर एक रिकामी चौकट. तिच्यातून पूर्वी सज्ज्यात पाऊल टाकायचे. भिंतीच्या पोटातला गोल जिना अजूनही त्या चौकटीपर्यंत जातो. पुढे मात्र पोकळी. म्हणून जिन्याच्या खालच्या दाराला कायमचा अडसर घातलेला.

"आईचा आवाज कसा होता गं?" चिमणीने लहानपणापासून हे किती वेळा विचारलं असेल. ध्वनिमुद्रण एकही नव्हतं. मावशी कधी म्हणायची, काचेच्या पेल्यावर बोट फिरवल्यासारखा. कधी म्हणायची, थंडीत उन्हाचा कवडसा पडावा तसा. मग चिमणी रुसायची, "दर वेळी वेगळं सांगतेस. तुलाच आठवत नाही."

ते मात्र खोटं होतं. मावशीला लख्ख आठवत होतं. सांगता येत नव्हतं, इतकंच.

दुपारी शेवटची तालीम झाली. कॅथेड्रलमध्ये शिरताच तोच वास आला. ओला दगड, वितळलेलं मेण, जुन्या पुस्तकांची पानं. मावशीने डोळे मिटले आणि क्षणभर ती तिशीतली झाली. बाकांवर हसणारी, खोकणारी, एकमेकांच्या खोड्या काढणारी जुनी मंडळी तिला दिसली. पावाच्या भट्टीवाला गडी, त्याच्या कोटाला सदैव पीठ. जुळ्या बहिणी, एकीचा सूर लागला की दुसरीचा आपोआप लागायचा. आणि ताई. तान घेताना ती एक टाच उचलायची.

"मावशी, झोपलात का?" ऑर्गनवाले काका पुटपुटले. त्या वेळच्यांपैकी मावशीखेरीज हेच एक उरले होते. एका कानाने ठार बहिरे, पण बोटं अजून तयार.

वरच्यांची ओळ या वेळी एकट्या चिमणीला दिली होती. नव्या सरांनी तिला मधल्या वाटेत, एका खांबापाशी उभं केलं होतं. सकाळपासून तिचा घसा बसला होता, म्हणून तालमीत तिने नुसते ओठ हलवायचे असं ठरलं.

शेवटचा भाग सुरू झाला. खालच्यांनी विचारलं, "दार कोण उघडेल?" चिमणीने ओठ हलवले. आणि कुठूनतरी, फार लांबून, श्वासाहून थोडासाच मोठा असा आवाज आला.

*दार उघडंच आहे.*

नव्या सरांनी हात थांबवला. चेहरा खुलला त्यांचा. "काय प्रतिध्वनी आहे हो या इमारतीचा! अशी वास्तू हल्ली बांधतच नाहीत." सगळे कौतुकाने वर बघू लागले.

काकांनी मात्र खिशातून रुमाल काढला आणि ऑर्गनवरच्या छोट्या आरशावर टाकला. वाजवताना पाठीमागचं दिसावं म्हणून तो आरसा होता.

"अहो, मग सरांचा हात कसा दिसणार तुम्हाला?" मावशीने विचारलं.

"गाणारे तरी कुठे बघतात त्यांच्या हाताकडे?" काका हसले. पण ते हसू ओठांवरच राहिलं. मग ते जवळ झुकले. "मावशी... प्रतिध्वनी आपलाच शब्द परत देतो. जबाब देत नाही."

मावशीच्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर तो नुसता भीतीचा नव्हता. त्या पुसट आवाजात शेवटचा स्वर किंचित वर ओढला गेला होता. तसा ओढणारी बाई तिने जन्मात एकच ऐकली होती.

संध्याकाळी कॅथेड्रल भरून गेलं. गेलेल्यांचे नातेवाईक पुढच्या बाकांवर होते. काही आता म्हातारे, काही त्या वेळी जन्मलेलेही नसतील. रंगीत काचांमधला उजेड हळूहळू मावळला आणि मेणबत्त्यांचा पिवळा उजेड खांबांवरून वर चढला. मागची भिंत मात्र अंधारातच राहिली.

प्रयोग रंगला. मावशीला सगळं पाठ होतं. कागद हातात नुसता धरला होता. प्रत्येक भागाबरोबर कुणी ना कुणी आठवत होतं. इथे भट्टीवाला हमखास आधी सुरू व्हायचा. इथे जुने सर डोळे वटारायचे. तिला रडूही येत होतं आणि बरंही वाटत होतं.

मग शेवटचा भाग आला.

"दार कोण उघडेल?"

चिमणीने तोंड उघडलं. मावशीला तिच्या गळ्याची शीर ताणलेली दिसली, पण आवाज फुटला नाही. पोर घाबरून गळ्याला हात लावते न लावते तोच वरून जबाब आला. आता पुसट नाही. भरघोस, उंच, स्वच्छ.

"दार उघडंच आहे..."

ताई! काचेचा पेला नाही, उन्हाचा कवडसाही नाही. ती ताई होती, बस. आणि एकटी नव्हती. तिच्या मागे जुळ्या बहिणी होत्या, एकीला दुसरी चिकटलेली. खाली दबलेला भट्टीवाल्याचा जाड सूर होता, अर्धी मात्रा आधी आलेला. लोक माना वळवून बघत होते आणि समाधानाने पुन्हा पुढे बघत होते. त्यांना वाटलं, मागे कुठेतरी माणसं उभी केली आहेत.

खालच्यांनी पुन्हा विचारलं. वरच्यांनी पुन्हा जबाब दिला. आणि चिमणी चालू लागली.

मधल्या वाटेने, मागच्या भिंतीकडे. हनुवटी वर, हात सैल. लोकांनी आदराने पाय आत घेतले. तिला वाट करून दिली. मावशीने पाहिलं, भिंतीतल्या जिन्याचं दार सताड उघडं होतं. अडसर कुठेच नव्हता. चिमणी आत गेली.

मावशीच्या हातून कागद पडला. नव्या सरांनी डोळे मोठे केले, पण ती रांगेतून निघाली होती. आधी भराभर चालत, मग चक्क धावत. साठीतल्या बाईने काळा पोशाख वर उचलून कॅथेड्रलमधून धावावं, हे तिथे कुणी पाहिलं नव्हतं. तिला कशाचीच शुद्ध नव्हती. जिन्यात मिट्ट काळोख होता आणि नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडाचा वास. पंचवीस वर्षांत जिथे लाकडाचा तुकडा नव्हता, तिथे ताज्या लाकडाचा वास...

वर चौकटीत चिमणी उभी होती. एक पाय उंबऱ्यावर. दुसरा... पुढे.

मावशीने मागून दोन्ही हातांनी तिला कवळलं. समोर नुसता काळोख होता, पण त्या काळोखातून माणसांची ऊब येत होती. कपडे सळसळत होते. कुणीतरी घसा साफ केला.

"ताई..." मावशी कुजबुजली. "ताई, मी हिला वाढवलंय. ताप आला की रात्र रात्र बसलेय. ही माझी आहे गं... हिला नको नेऊस."

आवाज थांबले. खालीही कुणी गात नव्हतं. सगळं कॅथेड्रल श्वास रोखून बसलं होतं. मग अगदी जवळून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून, ताई हसली. लहानपणी मावशीने काही वेडं बोललं की हसायची, तशी. मायेने.

आणि वरच्यांनी शेवटची ओळ पुरी केली. पंचवीस वर्षं अडकलेली ती ओळ दगडांतून, खांबांतून, लोकांच्या छातीतून गेली आणि हळूहळू विझली. मावशीने ती पूर्ण ऐकली. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि चिमणीला धरलेले हात मात्र तिने तसूभर सैल केले नाहीत.

खाली उतरल्यावर लोकांनी दोघींना घेरलं. एका म्हातारीने मावशीचा हात कपाळाला लावला. नवे सर भारावून गेले होते. "चिमणी, वरून गायचं हे मला आधी सांगायचंस तरी! आणि बाकीची मंडळी कुठून जमवलीस?" चिमणीने नुसती नकाराची मान हलवली. काका पुढे आले. त्यांनी मावशीकडे बघितलं आणि हात जोडले. तिला नाही, तिच्या मागच्या भिंतीला.

घरी आल्यावर मावशीने सूप गरम केलं. स्वयंपाकघरातला पिवळा दिवा, ओट्यावरची उलटी घातलेली भांडी, फ्रिजची घरघर, सगळं जागच्या जागी होतं. चिमणी टेबलाशी पाय वर घेऊन बसली. घसा सुटला होता.

"घाबरलीस का गं?" मावशीने विचारलं.

"नाही. छान वाटत होतं. मावशी, तू खरंच सांगू शकत नव्हतीस. तो आवाज सांगता येतच नाही."

"पुन्हा त्या जिन्याकडे फिरकायचं नाही. काय वाट्टेल ते होवो. ऐकलंस? मी वेळेवर आले म्हणून. नाहीतर ती तुला घेऊनच गेली असती."

चिमणीने चमचा खाली ठेवला. "मला? छे गं. मला बोलवत नव्हती ती."

"मग?"

"म्हणाली, तू नुसती वर ये, म्हणजे मावशी येईल पाठोपाठ. तिला आधी जागा बघू दे. आईने तिच्या स्वतःच्या शेजारी तुझ्यासाठी जागा ठेवलीय."

सुपावर साय धरली. मावशीला भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण त्या भीतीच्या तळाशी काहीतरी ऊबदार होतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"घाई आहे, असं म्हणाली का?" तिने शेवटी विचारलं.

"नाही. म्हणाली, सावकाश येऊ दे. तोवर आम्ही तिच्यासाठी सूर धरून ठेवतो."

मावशी उठली. बशा उचलल्या, नळाखाली धरल्या, नळ बंद केला. फ्रिज मघापासून घरघरत होता. आज जरा जास्तच. एकसारखा, न थांबता. ती वाकली आणि तिने भिंतीतला प्लग ओढून काढला.

फ्रिजच्या दारावरचा लाल दिवा विझला. घरघर थांबली नाही.