भागीरथामायची पाणपोई

त्या वर्षी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा माझ्यापुढे एकच प्रश्न होता. पाटीचं काय करायचं?

पाटी म्हणजे माझी कुत्री. काळी कुळकुळीत, आणि रोज वर्गाच्या दारात येऊन बसायची, म्हणून मुलांनीच तिचं हे नाव ठेवलं होतं. मी तेव्हा चिचगडच्या पुढे, ऐन जंगलातल्या एका गावी मास्तरीण होते. मॅट्रिक झाले आणि नोकरी लागली ती तिथेच. सुट्टी लागली की अख्खं गाव तेंदूपत्ता तोडायला रानात जायचं, घरं ओस पडायची, आणि बिबट्या गल्लीतून फिरून कुत्री उचलून न्यायचा. आदल्या उन्हाळ्यानंतर गावात पाटीशिवाय दुसरं कुत्रं उरलं नव्हतं. तिला मागे ठेवायची म्हणजे बिबट्याच्या ताटात वाढायची. मी ठरवलं, घरी न्यायची. जिवंत न्यायची. मग आई काय बोलायचं ते बोलेल.

त्या शाळेतली एक सवय आधी सांगते. पाणी नाल्यावरून आणावं लागे. माझ्याकडे एक छागल होती, जाड कापडाची पाण्याची पिशवी, वाऱ्याला टांगली की आतलं पाणी गार होतं. रोज एक मूल ती घेऊन सगळ्यांच्या ओंजळीत पाणी घालायचं. पण जे मूल वाटायचं ते स्वतः प्यायला विसरायचं आणि दुपारी चक्कर येऊन बसायचं. म्हणून सगळ्यांचं झालं की मी न चुकता विचारायची, "वाटणाऱ्यानं पाणी पेलं का?" तो प्याला की मग शेवटचं पाणी पाटीचं. तीही आपली पाळी येईपर्यंत शहाण्यासारखी बसून राहायची.

तर निघालो आम्ही दोघी. देवरीला एसटीच्या कंडक्टरनं पाटीकडे बघून विचारलं, "बाई, इची तिकीट फुल फाडू का हाफ?" बसमधले सगळे हसले आणि आम्ही खाली उतरलो. शेवटी बांबूचा एक ट्रक नागपूरला जात होता, त्याच्या ड्रायव्हरनं घेतलं. नत्थूजी त्यांचं नाव. पोक्त माणूस. पाटी माझ्या पायाशी मुटकुळं करून बसली.

भंडारा गेलं, मौदा मागे पडलं. आमच्या गावाचा फाटा आला तेव्हा सूर्य थेट डोक्यावर होता. ट्रक मिळाल्यामुळे मी कळवलेल्या दिवसाच्या आधीच आले होते, त्यामुळे भाऊ रुपराव रेंगी, म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी, घेऊन येण्याचा प्रश्न नव्हता. पुढची दीड कोस वाट पायीच.

नत्थूजींनी गाडी थांबवली, पण मला उतरू देईनात. ऊन उतरेपर्यंत मौद्याला थांबायला पाहिजे होतं, म्हणाले. मी म्हटलं, आमचंच गाव आहे भाऊ, जाईन. त्यांनी इंजिन बंद केलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "मागच्या उन्हाळ्यात वामनरावले मी येथंच उतरवलं होतं. बैलाचा दलाल. अर्ध्या करंगळीचा... कडबा कापताना तुटली होती त्याची."

"मग?"

"नाल्यापाशी सापडला. बसल्या बसल्याच गेला. ओंजळ अशी तोंडापाशी धरलेली... अन् जवळ पाणी ना काही." ते बाहेर बघत राहिले. "त्याच्या आधीही काही जण तसेच गेले म्हणतात. ऊन लागलं, म्हणतात."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणू बाई... मी गाडी चालवतो." आणि मग पाटीकडे बोट दाखवून, "इले मोकळी नका सोडू."

ट्रकचा आवाज विरला आणि जे काही उरलं त्याला शांतता म्हणायला जीभ धजत नाही. विदर्भातली मे महिन्यातली भरदुपार ज्यानं पाहिली त्याला सांगायला नको. काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा. जळलेल्या गवताचा वास. बाभळीवर एक कावळा चोच उघडी टाकून बसलेला, ओरडतसुद्धा नव्हता. समोरची वाट पाण्यासारखी हलत होती. पाटीचे पाय धुळीत भाजत होते, म्हणून ती कडेच्या वाळल्या गवतावरून उड्या मारत चालली होती. छागलीत तळाला थोडं पाणी होतं. ते मी तिच्यासाठी राखलं. तिची जीभ बघून मला माझ्या घशाची लाज वाटत होती.

नाल्यापाशी पोहोचेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. नाला कोरडा ठणठणीत. आणि पलीकडच्या काठावर पाणपोई दिसली.

तुराट्यांची झोपडी, तिला खाली एक लहानशी खिडकी, खिडकीतून बाहेर आलेली बांबूची नळी. आमच्या लहानपणी तिथे भागीरथामाय पाणपोई चालवायची. ती आत रांजणाशी बसायची, आपण बाहेर नळीखाली वाकून ओंजळ धरायची. येणाऱ्याचं तोंड, जात, कपडे तिला काही दिसायचं नाही, फक्त ओंजळ दिसायची. आणि आपल्यालाही ती दिसायची नाही. तिचा नियम होता, पिणारा आपली बोटं उघडत नाही तोवर धार तोडायची नाही. दुष्काळाच्या वर्षी ती वारल्याचं मला ठाऊक होतं. मनात म्हटलं, चला, कोणीतरी पुन्हा सुरू केली म्हणायची.

ओल्या गोणपाटाचा वास आला. त्या वासानं मी धावलेच. पाटी मात्र नाल्याच्या काठावर थबकली. तिच्या पाठीवरचे केस उभे राहिले. भुंकली नाही.

मी वाकले, ओंजळ धरली. नळीतून धार आली, गार, गोड. मी प्याले. पीत राहिले. आतून हलकेच आवाज आला, "पी वं पोरी... पी."

किती वेळ प्याले कोण जाणे. पाटीनं माझा पदर दातांत धरून ओढला. मी पायानं तिला बाजूला सारलं. मग खाली नजर गेली. माझ्या ओंजळीखाली धूळ होती. कोरडी. तिच्यातून मुंग्यांची रांग चालली होती. माझी मनगटं कोरडी होती. तळव्यांना गारवा लागत होता, पण तळवे कोरडे. आणि घसा... घसा मघापेक्षा जास्त जळत होता.

वामनरावांची ओंजळ आठवली.

मला बोटं उघडायची होती. कुणी धरून ठेवली नव्हती हो. माझी तहानच ती उघडू देत नव्हती. वाटत होतं, पुढच्या घोटाला भागेल. अजून एक घोट. माझे गुडघे केव्हा जमिनीला टेकले मला कळलं नाही. पदर टर्रकन फाटला. आणि मग पाटीनं, जिनं कधी लेकराला ओरखडा काढला नव्हता, तिनं माझ्या उजव्या मनगटात दात रोवले.

बोटं उघडली. धार थांबली.

"झालं?" आतून विचारलं. थोड्या वेळानं, अगदी थकून, "किती देते मी... तरी कोणाची तहानच जाऊन नाही राहिली वं..."

तो आवाज भागीरथामायचा होता. मी पळायला म्हणून उठले ती पुन्हा तिथेच बसले. नळी पुन्हा थरथरत पुढे आली. मनगटातून रक्त ठिबकत होतं, डोकं बधिर झालं होतं, आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून रोजच्या सवयीचंच निघतं. माझ्या तोंडून निघालं,

"माय... तू पेली का वं?"

वारा पडला. नळी होती तिथेच थांबली. कावळ्यानं पंख झाडल्याचा आवाज मला नाल्यापलीकडून ऐकू आला, इतकं सगळं गप्प झालं.

"मले..." आत कोणीतरी श्वास ओढला. "मले कोणी विचारलंच नाही."

मग नळी मागे गेली, आणि खिडकीतून दोन हात बाहेर आले. सुरकुतलेले, मनगटापर्यंत गोंदलेले. त्यांनी ओंजळ केली.

माझ्याकडे पाणी होतं ते पाटीच्या वाट्याचं. मी तिच्याकडे पाहिलं. खरं सांगते, ती शाळेत बसायची तशी बसली. पाळीची वाट बघत. मी छागलीचं बूच काढलं आणि धार धरली. पाणी त्या ओंजळीतून मनगटांवर ओघळलं, कोपरांवरून खाली पडलं, आणि धूळ काळी झाली. मातीचा वास उठला. पाटी पुढे आली आणि ती ओल चाटू लागली. मी शेवटचा थेंब पडेपर्यंत छागल उपडी धरली.

हळूहळू, एकेक करून, ती म्हातारी बोटं उघडली.

मी मान वर केली तेव्हा झोपडी नव्हती. चार कुजलेले खांब, आणि जमिनीत अर्धा गाडलेला रांजणाचा फुटका काठ. त्याच्यापुढे एक ओला डाग, आणि त्यावर पाटी. माझा घसा कोरडा नव्हता. कसा ते विचारू नका. मी उठले, पाटीला उचलून खांद्यावर घेतलं आणि गावापर्यंत गाणं म्हणत गेले. शाळेत शिकवतो तेच, पाढ्यांच्या चालीचं. इतकं मोठ्यानं की वेशीवरचे लोक दारं किलकिली करून बघायला लागले.

आई मनकर्णा ओसरीवर होती. फाटका पदर, रक्ताळलेलं मनगट आणि खांद्यावर कुत्रं बघून म्हणाली, "लोकाच्या पोरी मायसाठी लुगडं आणतात. तू हे आणलं." पण पहिलं पाणी तिनं पाटीलाच दिलं.

माझं सगळं ऐकून ती हसली नाही. तिनंच मला मग भागीरथामायचं सांगितलं. पाणपोईचा रांजण भरायला गावातून पाण्याची गाडी नाल्यावर जायची, ती दुष्काळाच्या त्या वैशाखात जाईनाशी झाली. जो तो आपल्या घागरीत गुंतलेला. माय उरलेलं पाणी वाटसरूंना देत राहिली. सापडली तेव्हा रिकाम्या रांजणावर डोकं टेकून होती. तिला मागे कोणी नव्हतं, म्हणून अक्षय तृतीयेला तिच्या नावानं कोणी घागरही भरली नाही.

अक्षय तृतीया दोनच दिवसांवर होती. त्या दिवशी घरोघरी आपल्या गेलेल्यांच्या नावानं नवी घागर भरतात. आईनं आमच्या वडिलांच्या घागरीशेजारी भागीरथामायच्या नावाची दुसरी भरली आणि ती घेऊन सरळ चावडीवर गेली. मीही गेले. पाणपोई पुन्हा सुरू करा, आई म्हणाली. सरपंच मधुकररावांनी मिशीत हसून विचारलं, "कुत्रीनं सांगितलं म्हणून?"

आई म्हणाली, "माणसाईले सुचलं नाही, मंग कुत्रीनंच सांगावं लागन. मधुकरराव, तिच्या नळीखाली तुमचं अर्धं लहानपण गेलं. ती पेली का, हे तुम्ही एकदा तरी विचारलं? मी तरी कुठी विचारलं..."

मग मधुकरराव उठले, पायातल्या वहाणा काढल्या आणि आईच्या हातातली घागर स्वतः डोक्यावर घेतली.

त्या दिवशी उन्हं कलल्यावर आमच्या गावच्या गाड्या नाल्यावर निघाल्या, तो थाट मी विसरणार नाही. पुढे डफडं, मागे नवा रांजण, गोणपाट, तुराट्यांचे भारे. बायांनी घागरी घेतल्या होत्या. आणि सगळ्यांच्या पुढे, कपाळाला कुंकू लावलेली पाटी. रुपराव तिला "मास्तरीणबाई" म्हणत होता आणि मला "कुत्री". अंधार पडायच्या आत पाणपोई उभी राहिली. एक नियम ठरला, तो अजून चालतो. जो पहिला वाटसरू येईल त्यानं ओंजळ धरण्याआधी आतल्या माणसाला विचारायचं, "तू पेली का?" आणि आतल्यानं पिऊन दाखवायचं. आता तर पोरं खेळातसुद्धा असंच विचारतात. तेव्हापासून त्या वाटेवर उन्हानं एकही माणूस गेलं नाही. एकही नाही.

मी दर सुट्टीत भरदुपारची पाळी घेते. पहिल्याच उन्हाळ्यात एक ओंजळ खिडकीशी आली. मी धार धरली. बाहेर एक थेंब पडत नव्हता, रांजण मात्र उतरत चालला होता. मग मला ती करंगळी दिसली. अर्धी. पाटी माझ्याजवळ होती, तिनं फक्त शेपटी हलवली. मी धार तोडली नाही. रांजण तळाला गेला तेव्हा ती बोटं उघडली, आणि मी आनंदानं आत एकटीच रडले. पुढच्या वर्षांत असे आणखी काही जण येऊन तृप्त होऊन गेले. ज्यांच्याविषयी ऐकलं होतं ते सगळे झाले. मला वाटलं, आता कोणी उरलं नाही.

पाटी जाऊनही आता काही उन्हाळे झाले. यंदा सुट्टीला आले आणि पहिल्याच दुपारी रांजणाशी बसले. सगळीकडे तेच ऊन, तोच चोच उघडलेला कावळा. कोणी विचारलं नाही, नुसती एक ओंजळ खिडकीशी आली. बाईची होती, तरुण. मी नळी पुढे केली, आणि तिच्या उजव्या मनगटाकडे लक्ष गेलं. तिथे दातांच्या खुणा होत्या. ताज्या. रक्त ठिबकत होतं.

मी माझ्या मनगटाकडे पाहिलं. माझी खूण जुनी आहे, पांढरी पडलेली. त्याच जागी. ती माझीच ओंजळ होती, त्या दुपारी तिथे राहून गेलेली.

मी धार धरली आणि तशीच धरून राहिले. बाहेर, खिडकीच्या खाली, कोणीतरी लपलप पाणी चाटत होतं.

ऊन उतरेपर्यंत ती बोटं उघडली नाहीत.